बोलणाऱ्या अभिनेत्रीचं दप्तर

मालिकेतली अभिनेत्री एखाद्या प्रश्नावर जाहीर बोलली की दोन फोन हमखास येतात. एक आंदोलनवाल्यांचा: "ताई, रविवारी आमच्याकडेही या ना." दुसरा प्रॉडक्शनमधून: "मॅडम, जरा सांभाळून हं, चॅनलकडून विचारणा झाली." पहिल्या फोनला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. दुसऱ्याला काय म्हणता येईल, ते सहा महिन्यांपूर्वी सही केलेल्या करारात काय लिहिलंय त्यावर अवलंबून असतं. म्हणून इथे सुरुवात करारापासून केली आहे, मोर्चा नंतर येईल.

मुंबईत पडद्यावरच्या बायकांनी रस्त्यावर येणं नवं नाही. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील सिनेमात नाव झाल्यावरही इथल्या विमेन्स सेंटरच्या कामाशी जोडलेल्या होत्या. १९८६ साली कफ परेडच्या संजय गांधी नगरातल्या झोपड्या पाडल्या, तेव्हा शबाना आझमी उपोषणाला बसल्या आणि रहिवाशांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. पण सिनेमाच्या दोन शेड्यूलमध्ये मोकळे दिवस सापडतात. दैनंदिन मालिकेत मुख्य भूमिका असेल तर महिन्याचे वीस-बावीस दिवस शूट आणि एपिसोडची बँक (आधीच शूट करून ठेवलेले भाग) जेमतेम तीन-चारची. तुम्ही दोन दिवस अडकलात की तिसऱ्या दिवशी टेलिकास्ट लटकतो आणि अख्खं युनिट बसून राहतं. सामाजिक भूमिका घेतली म्हणून कामावरून काढण्यापेक्षा ‘डेट्सचा घोळ केला’ म्हणून काढणं प्रॉडक्शनला फार सोपं जातं. ती संधी त्यांना मिळू नये, यासाठी पुढची सगळी खटपट.

सहीच्या आधी

करार साधारण आदल्या रात्री येतो. वीस-तीस पानं, इंग्रजीत, आणि खाली मेसेज: "उद्या सातचा कॉल आहे, सही करून पाठवा." (कॉल म्हणजे सेटवर पोचायची वेळ.) घाईत सही करू नका, पण काम थांबवायचीही गरज नाही. "करार वाचून तीन दिवसांत देते, तोवर ठरलेल्या गोष्टी ईमेलवर कळवा" असं लिहा. पात्राचं नाव, पर डे (दिवसाचा दर), महिन्याचे किमान दिवस, पैसे किती दिवसांत, या चार ओळींचा ईमेल आला की पहिला दिवस शूट करायला हरकत नाही. लेखी मागणं म्हणजे नखरे नव्हेत. १९८१च्या सिने-कामगार कायद्यापासून वेतनमर्यादेत बसणाऱ्यांसाठी लेखी कराराची अट आहे, आणि नव्या श्रमसंहितेतही ‘दृक्‌श्राव्य कामगार’ म्हणून कलाकारांचा उल्लेख आहे.

तीस पानांतल्या पाच जागा नीट वाचा.

पहिली, किमान दिवस. पर डे आठ हजार ऐकायला बरं वाटतं, पण तुमचा ट्रॅक (तुमच्या पात्राची कथा) बंद ठेवला तर महिन्यात तीनच दिवस लागतात आणि एक्स्क्लुझिव्हिटीमुळे दुसरीकडे काम घेता येत नाही. ‘महिन्याला किमान १५ दिवस, तेवढे न लागल्यासही १५ दिवसांचे पैसे’ असं लिहून घ्या. इथे एक चलाखी असते: ‘तीन महिन्यांची सरासरी १५’. मग एका महिन्यात २५ दिवस राबवून पुढचा महिना कोरडा ठेवता येतो. ‘सरासरी’ हा शब्द खोडायला लावा.

दुसरी, तास. मालिकांत शिफ्ट बारा तासांची धरतात. भांडण असतं ते घड्याळ कधी सुरू झालं यावर. प्रॉडक्शन पहिल्या शॉटपासून मोजतं, तुम्ही मात्र मेकअपच्या खुर्चीत तीन तास आधीपासून बसलेल्या असता. ‘मेकअपला बसल्यापासून पॅकअपपर्यंत’ हे शब्द हवेत.

तिसरी, क्रेडिट, म्हणजे पैसे द्यायची मुदत. नव्वद दिवसांनी पैसे हे मालिकांचं जुनं दुखणं. नव्वद कधीपासून मोजायचे, हा खरा प्रश्न. समजा ३ जूनला शूट केलंत. महिनाअखेरीपासून मोजलं तर पैसे २८ सप्टेंबरला. ‘बिल मंजूर झाल्यापासून’ असं लिहिलं असेल आणि बिल २० जुलैला मंजूर झालं, तर १८ ऑक्टोबर. बिल कधी मंजूर करायचं ते त्यांच्या हातात, म्हणजे तारीखही त्यांच्याच हातात. ‘ज्या महिन्यात शूट झालं त्याच्या अखेरीपासून’ एवढा बदल मागा. हा बदल बऱ्याचदा मान्य होतो, कारण त्यात प्रॉडक्शनच्या खिशातून जास्तीचा रुपयाही जात नाही.

चौथी, काढून टाकणं. प्रॉडक्शन तुम्हाला चोवीस तासांत काढू शकतं आणि तुम्हाला सोडायचं तर दोन महिन्यांची नोटीस, असे करार सर्रास असतात. दोघांना सारखीच ३० दिवसांची नोटीस मागा, आणि ‘काढल्यास शूट झालेल्या सर्व दिवसांचे पैसे अमुक दिवसांत’ ही ओळ घालून घ्या. ही ओळ नसेल तर भूमिका गेल्यावर जुनं बिलही लोंबकळतं.

पाचवी जागा बोलणाऱ्या बाईसाठी सगळ्यांत महत्त्वाची. शीर्षक ‘वर्तन’, ‘प्रतिमा’ किंवा ‘प्रसिद्धी’ असं काहीतरी असतं. मतलब असा: वाहिनीच्या किंवा मालिकेच्या प्रतिमेला बाधा येईल अशी कोणतीही कृती वा विधान कलाकार करणार नाही, तशी बाधा आली की नाही, हे निर्माता स्वतःच्या एकमेव मतानुसार ठरवेल. यातले घातक शब्द ‘एकमेव मतानुसार’. बाकी कलमाचा अर्थ लावताना वाद घालता येतो, या दोन शब्दांनी वादच संपतो. ते काढून ‘वाजवी कारण लेखी देऊन’ असं घालायला सांगा आणि खाली हे वाक्य जोडायला सुचवा:

‘कलाकार आपल्या खासगी वेळेत, मालिकेचं व पात्राचं नाव, वेशभूषा आणि वाहिनीचं बोधचिन्ह न वापरता, कायदेशीर सामाजिक उपक्रमांत भाग घेऊ शकेल, केवळ या कारणावरून करार रद्द केला जाणार नाही.’

पहिलीच मालिका असेल तर हे वाक्य ते घेणार नाहीत. मग निदान ‘सात दिवसांची लेखी सूचना आणि बाजू मांडण्याची संधी’ मिळवा. खरा भाव असतो तो पन्नास-साठ एपिसोडनंतर, पर डे वाढवण्याची बोलणी होतात तेव्हा. चेहरा घराघरांत पोचलेला असतो आणि पात्र बदलणं महाग पडतं. त्या वेळी पाचशे रुपये वाढवून मागण्याऐवजी हे वाक्य मागा. पाचशे रुपये पुढच्या मालिकेतही मिळतील.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, प्रत्येक पानावर दोघांची सही. हमखास होणारी चूक अशी की तुमची सही जाते आणि त्यांची सही असलेली प्रत कधीच परत येत नाही. सही पाठवताना त्याच ईमेलमध्ये ‘आपल्या सहीची प्रत सात दिवसांत पाठवावी’ हे लिहा आणि आठव्या दिवशी आठवण करा.

सेटवरची वही

शंभर पानी साधी वही पुरते. मोबाईलमधली नोंद चालते, पण मेकअप रूममध्ये फोन चार्जिंगला आणि तुम्ही सेटवर, हे रोजचं असतं. एका दिवसाची नोंद अशी:

‘१४ मार्च. मढ. कॉल ७.००. पोचले ६.५०. मेकअप ७.१०. पहिला शॉट १०.४०. जेवण २.३० ते ३.००. पॅकअप ९.२०. सीन ११२/३, ११३/१. कॉल दिला: दुसरा एडी (सहायक दिग्दर्शक), व्हॉट्सॲप, आदल्या रात्री ११.१५.’

मेकअपपासून धरलं तर हे चौदा तास दहा मिनिटं होतात, पहिल्या शॉटपासून धरलं तर पावणेअकरा तासदेखील भरत नाहीत. दोन्ही आकडे एकाच दिवसाचे! वहीत सीन नंबर असला की पुढे कुणी ‘त्या दिवशी तुम्ही आलाच नव्हता’ म्हणू शकत नाही, कारण तोच सीन टेलिकास्ट झालेला असतो. कॉलचे मेसेज महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. ग्रुपमधून काढल्यावर जुन्या मेसेजसाठी धावाधाव होते, ती होणार नाही.

बिल महिना संपल्यावर आठवड्याच्या आत द्या. बिल नंबर, पॅन, तारखा, दिवस गुणिले दर. १८ दिवस गुणिले ८,००० म्हणजे १,४४,०००. त्यातून व्यावसायिक शुल्कावरचा १० टक्के टीडीएस १४,४०० कापून हातात १,२९,६००. टीडीएस कापला पण भरलाच नाही, किंवा चुकीच्या पॅनवर भरला, हे नेहमीचं. दर तिमाहीला आयकराच्या पोर्टलवर २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून आकडा जुळतो का पाहा. वर्षाअखेरी कळलं तर तोवर प्रॉडक्शनचा अकाउंटंट बदललेला असतो.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के वाढतात. त्यात एक खड्डा आहे. मासिक विवरणपत्र असेल तर बिल दिल्यानंतरच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटी भरावा लागतो, प्रॉडक्शनचे पैसे मात्र नव्वद दिवसांनी येतात. वरच्या बिलावर हा कर २५,९२० होतो. अशी तीन बिलं म्हणजे पाऊण लाखाहून जास्त रक्कम आधी तुमच्या खिशातून. तेवढी शिल्लक बाजूला ठेवल्याशिवाय कामाचे दिवस वाढवू नका.

पैसे अडकल्यावर

देय तारखेच्या दुसऱ्या दिवशी ईमेल, अकाउंटंट आणि निर्माता दोघांनाही: बिल नंबर, रक्कम, देय तारीख. फोनवर ‘सोमवारी होतंय’ असं उत्तर मिळालं तर लगेच ‘आपण सोमवारी देणार असल्याचं सांगितलंत’ असा मेसेज टाका. पंधरा दिवस थांबून सिंटाकडे तक्रार. सिंटा म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन ही नोंदणीकृत कामगार संघटना आहे, ती दोन्ही बाजूंना बोलावून घेते. सोबत करार, बिलं, वहीतल्या पानांच्या प्रती आणि बँकेचं स्टेटमेंट लागतं. सभासदत्व आधीच घेऊन ठेवा. भांडण लागल्यावर अर्ज करणाऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं. जमावात काम करणाऱ्या बायकांची संघटना वेगळी आहे, महिला कलाकार संघ. नोव्हेंबर २००८मध्ये फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज या कामगार संघटनांच्या महासंघाच्या संपाने मालिकांचं शूटिंग बंद पाडलं आणि वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. संघटनेचा फोन प्रॉडक्शन उचलतं त्यामागे ती आठवण आहे.

चेक परत आला तर तारखांना फार महत्त्व. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, तरी पैसे नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. ‘परत टाका, या वेळी पास होईल’ ऐकत बसलं की हे दिवस निघून जातात. साध्या थकबाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत. आणि ‘साठ टक्के घ्या, फुल अँड फायनल करू’ असा प्रस्ताव आलाच तर पैसे खात्यात जमा झाल्यावरच ‘येणं नाही’ वर सही करा.

छळाची तक्रार

इथे घाई आणि शिस्त दोन्ही लागतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात ‘कामाची जागा’ म्हणजे फक्त सेट नाही. प्रॉडक्शनने पाठवलेली पिकअपची गाडी आणि आउटडोअरचं हॉटेलही त्यात येतं. ‘कर्मचारी’ या शब्दात रोजंदारीवरची, कंत्राटी, एजंटमार्फत आलेली, सगळ्या येतात. तेव्हा ‘तुम्ही तर फ्रीलान्सर, आमच्या एम्प्लॉयी नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया, एक सदस्य बाहेरची. समिती नेमल्याचा आदेश दिसेल अशा जागी लावायचा असतो. सेटवरच्या पहिल्या दिवशी त्याचा फोटो काढा. लावलेला नसेल तर ‘समितीच्या सदस्यांची नावं कळवावीत’ असा दोन ओळींचा ईमेल, कसलीही तक्रार नसताना. तेव्हा विचारलेलं कुणाला खुपत नाही. ऑडिशन आरामनगरच्या एखाद्या दोन माणसांच्या कास्टिंग ऑफिसात असेल, किंवा तक्रार खुद्द निर्मात्याविरुद्ध असेल, तर स्थानिक समितीकडे जायचं. ती जिल्हा पातळीवर असते. अंधेरी, वर्सोवा, मालाड, गोरेगाव हे सगळं मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं आणि जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.

तक्रार द्यायची मुदत तीन महिन्यांची, प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण लिहून दिलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘ट्रॅक संपल्यावर बघू’ म्हणून थांबणाऱ्या बहुतेक जणी इथेच चुकतात, कारण ट्रॅक तीन महिन्यांत संपत नाही. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते. मजकूर लिहिताना समोरचा जे बोलला ते त्याच भाषेत, त्याच शब्दांत लिहा. ‘अश्लील बोलला’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. काय बोलला, कुठे उभा राहून, तेव्हा हेअरवाली ताई खोलीत होती का, हे हवं. तारीख वहीशी ताडून पाहा. एक तारीख चुकली तर उलटतपासणीत सगळी तक्रार त्या एका तारखेवर तोलली जाते.

पुढचा क्रम असा: कामकाजाच्या सात दिवसांत समोरच्याला प्रत, कामकाजाच्या दहा दिवसांत त्याचं उत्तर, चौकशी ९० दिवसांत, मग दहा दिवसांत अहवाल, आणि ६० दिवसांत मालकाने त्यावर कृती. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील. चौकशी चालू असताना वेगळा ब्लॉक, वेगळी पिकअप, एकत्र सीन नकोत, अशा तात्पुरत्या गोष्टी लेखी मागा. तोंडी मागितल्या तर ‘मॅडम ॲडजस्ट करत नाहीत’ अशी कुजबुज सुरू होते. समझोता फक्त तुम्ही मागितला तरच, आणि पैसे घेऊन तर मुळीच नाही. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.

चौकशीतली नावं आणि मजकूर जाहीर करायला बंदी आहे. म्हणून आधी तक्रार, पोस्ट नंतर. आणि पोस्ट करण्याआधी वकील. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. गुन्हा नोंदवायचा असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: लैंगिक छळ कलम ७५, पाठलाग कलम ७८. घटना नायगावच्या सेटवरची असली तरी घराजवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर होतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

केरळचं उदाहरण इथल्या बायकांनी जवळून पाहण्यासारखं आहे. २०१७ साली तिथल्या अभिनेत्री आणि तंत्रज्ञ बायकांनी विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह उभं केलं. न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९मध्ये सरकारला मिळाला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४मध्ये. मधल्या काळात, मार्च २०२२मध्ये, या बायकांच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने चित्रपटाच्या निर्मिती युनिटमध्येही अंतर्गत समिती असली पाहिजे असा निकाल दिला. अहवालाची वाट पाहत बसल्या असत्या तर हा निकाल हाती आला नसता.

मैदानात उतरताना

प्रश्न जवळचा घ्या. ज्यावर तुम्हाला रोज दिसणारं काही सांगता येतं, त्यावर तुमचं बोलणं टिकतं. गोरेगावच्या चित्रनगरीत आउटडोअर लोकेशनवर जमावातल्या बायकांना स्वच्छतागृह कुठे आहे, हा लहान वाटणारा प्रश्न घेऊ. चित्रनगरी शासनाच्या महामंडळाची, म्हणजे माहिती अधिकार चालतो. अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर, शुल्क १० रुपये. ‘स्वच्छतागृहं का नाहीत?’ असं विचारलंत तर ‘हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येईल. या कायद्यात नोंदी मिळतात, कारणमीमांसा मिळत नाही. विचारायचं असं: ‘बाह्य चित्रीकरण स्थळांवर महिलांसाठी असलेल्या स्वच्छतागृहांची स्थळनिहाय संख्या, शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांचा देखभाल खर्च.’ उत्तर ३० दिवसांत. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. हातात तो कागद घेऊन चार मिनिटं बोललेलं अर्ध्या तासाच्या भाषणाला भारी पडतं.

दुसऱ्याच्या मंचावर जाताना संस्था तपासा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, देणग्या मागत असतील तर ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची मान्यता), आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा आहे की कार्यकर्त्याच्या, हे बघा. क्यूआरची भानगड सगळ्यांत जास्त होते आणि पोस्टरवर फोटो तुमचा असतो. होकार कळवताना ‘माझं नाव व फोटो फक्त या तारखेच्या या कार्यक्रमासाठी’ एवढं लिहा, नाहीतर निवडणुकीच्या हंगामात तोच फोटो भलत्याच बॅनरवर दिसतो. मानधन घेऊन पोस्ट टाकत असाल तर ती जाहिरात आहे हे पोस्टवर दिसलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९च्या ग्राहक कायद्यात जाहिरात करणाऱ्या कलाकाराला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

मुंबईत पोलिसांचे जमावबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात, त्यामुळे पाच माणसं जमली तरी परवानगीचा प्रश्न येतो. धरणं-निदर्शनांसाठी ठरलेली जागा आझाद मैदान. २०२५च्या नियमांनुसार तिथली वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि कमाल ५,००० माणसं. तुम्ही पाहुण्या असलात तरी परवानगीपत्राचा फोटो आयोजकांकडून आदल्या दिवशी मागून घ्या. ‘परवानगी तोंडी मिळालीय’ असं उत्तर आलं तर जाऊ नका. गोरेगावहून जायला हार्बर लोकल आहे, किंवा आरेहून निघणारी मेट्रो ३ सीएसएमटीला सोडते. त्याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९मध्ये रात्रीत झाडं तोडली तेव्हा अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली होती, हे गाडीत बसल्यावर आठवतंच.

आता सेटच्या बाजूने. डेट पंधरा दिवस आधी एडीकडे टाका. कारण विचारलं तर ‘खासगी काम’ पुरे. दुपारचे तीन तास मैदानात बसलात तर कपाळ, मान आणि मनगटं रापतात, आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट राहिलेल्या सीनचा क्लोज असेल तर कंटिन्युटी (आधीच्या शॉटशी जुळणी) जाते. मेकअप दादा फाउंडेशनने चेहरा सांभाळेल, मान नाही. पूर्ण बाह्या, ओढणी, दर दोन तासांनी सनस्क्रीन. घोषणा द्यायला पुढे होऊ नका, घसा बसला की सिंक साउंडमध्ये (सेटवरच रेकॉर्ड होणाऱ्या आवाजात) लगेच कळतो. पात्राचं मंगळसूत्र, टिकली, साडीची ठेवण यांतलं काहीही अंगावर नको. लोक हाक पात्राच्या नावाने मारतील, तो त्यांचा हक्क, पण तुम्ही स्वतः माइकवर ते नाव घेऊ नका. वर दिलेलं कलम यासाठीच आहे. माइक आधी ज्या बाईचा प्रश्न आहे तिला. तुम्ही आधी बोललात की कॅमेरे तुमच्याबरोबर निघून जातात आणि तिचं कुणी ऐकत नाही.

पोलिसांनी गाडीत घातलं तर बहुधा संध्याकाळी सोडतात. अटकच झाली तर: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अपवाद वगळता अटक करता येत नाही, आणि त्या अपवादालाही महिला अधिकारी व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं, घरच्यांना कळवण्याचा हक्क आहे. वकिलाचा नंबर मनगटावर पेनाने लिहा, फोन काढून घेतला जातो. गुन्हा दाखल झाला असेल तर त्याचा नंबर आणि ठाणं लिहून घ्या. पासपोर्टच्या अर्जात हे विचारतात आणि परदेशातल्या आउटडोअरच्या वेळी व्हिसासाठीही लागतं.

नंतरचे चार दिवस

ट्रोलिंग दुसऱ्या दिवशी सुरू होतं. उत्तरं देत बसू नका, ब्लॉकही लगेच करू नका. आधी पुरावा: स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ आणि खात्याचं हँडल दिसलं पाहिजे, शिवाय पोस्टची लिंक वेगळी कॉपी करा. नाव आणि डीपी रोज बदलतात, लिंकवरून खातं सापडतं. मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका; इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मॉर्फ केलेला फोटो असेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे. तुमच्या नावाने कुणी देणग्या गोळा करू लागलं तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त.

आणि मग तो दुसरा फोन. "मॅडम, ती पोस्ट काढून टाका ना, वरून सांगितलंय." वाद घालू नका, हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. फोन ठेवला की दहा मिनिटांत ईमेल:

‘आज दुपारी आपण फोनवर माझी अमुक तारखेची पोस्ट काढण्यास सांगितलंत. ही सूचना कराराच्या कोणत्या कलमाखाली आहे ते कृपया लेखी कळवावं. पोस्टमध्ये मालिका, पात्र व वाहिनीचा उल्लेख नाही. उद्याच्या सातच्या कॉलला मी वेळेवर पोचत आहे.’

बऱ्याचदा याला उत्तर येत नाही. सकाळी सहा पन्नासला सेटवर पोचा आणि वहीत वेळ लिहा.